बाईंनी तीनदा सांगितलं होतं

व्यासपीठावर विराजमान असलेले आजच्या समारंभाचे अध्यक्ष, जिल्हा मंडळीचे ज्येष्ठ वडील माननीय अपेरामो. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले पाळकसाहेब रेव्हरंड इओएलु, आणि त्यांच्याहून किंचित जास्त आदरणीय अशा त्यांच्या पत्नी, आमच्या माकेरिताबाई. वाइसिना गावचे सर्व मानकरी, महिला मंडळाच्या भगिनी, गायकवृंद, ऑकलंडहून सुट्टी काढून आलेली पाहुणेमंडळी, आणि देहाने मागे स्वयंपाकाच्या भट्टीपाशी उभे राहून मनाने इथे असलेले बंधुजन, तुम्हा सर्वांना प्रभूच्या नावाने माझा सलाम.

मी फेरेती. दोन बसगाड्यांचा मालक आणि गेली अकरा वर्षं या मंडळीचा मुख्य डीकन. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. आमच्या पाळकसाहेबांना एवढ्या वेळात उपदेशाचा विषयही सांगून होत नाही. हसा पाळकसाहेब, आज हसायला हरकत नाही.

चोवीस वर्षं! वादळात चर्चचं छप्पर उडालं तेव्हा पत्रे शोधायला अळूच्या मळ्यांतून चिखलात कोण हिंडलं? आपण सगळे पत्रे बघून ‘अरेरे’ म्हणत होतो आणि हा माणूस ते डोक्यावर घेऊन परतत होता. माझ्या बापाच्या शेवटच्या आजारात रोज संध्याकाळी येऊन कोण बसलं? प्रार्थना कमी, पत्ते जास्त, पण बाप हसत गेला. हे उपकार कशानं फिटायचे?

आणि बाई. बाईंनी या गावाला चार सुरांत गायला शिवलं... शिकवलं. बघा, त्यांच्यासमोर अजून माझी जीभ अडखळते. हातातला विणलेला पंखा त्या वारा घ्यायला थोडा आणि आमच्या डोक्यात मारायला जास्त वापरायच्या. डोळा असा, की काही सुटायचं नाही. “फेरेती, पायरीचा खिळा वर आलाय.” “फेरेती, बायकोचा चेहरा उतरलाय, विचारलंस का तिला?” मी म्हणायचो, बाई, तुम्हाला दुसरं काम नाही का? आणि दरवेळी त्यांचंच खरं निघायचं. त्याचाच तर राग यायचा.

बाईंचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे, हे तुम्ही सगळे जाणता. तो कसा गेला, तेही गावाला माहीत आहे. निदान गावाला तसं वाटतं.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. अठरा वर्षांपूर्वी गायनाच्या स्पर्धेसाठी बावीस मुली माझ्या बसमधून डोंगरापलीकडे निघाल्या. उतारावर ब्रेक गेले. मी गाडी डाव्या हाताच्या दरडीवर घातली. मुलींना खरचटलं, बाईंचा पाय मात्र पुढच्या पत्र्यात चेपला. गाव म्हणालं, फेरेतीनं प्रसंग ओळखला म्हणून मुली वाचल्या. माझी पाठ थोपटली गेली.

तरी रक्त सांडलं होतं. आपल्याकडे अशा वेळी अपराध्याचं घराणं ‘इफोगा’ करतं. पहाटे ज्याचं नुकसान झालं त्याच्या अंगणात जायचं, घराण्यातली सगळ्यात मोलाची चटई डोक्यावर घ्यायची, मान खाली घालून बसायचं. आतल्या माणसानं येऊन चटई उचलली तर क्षमा. नाही उचलली, तर गाव सोडायचं. आमचे तुइमाले मामा तेव्हा घराण्याचे प्रमुख. म्हाताऱ्याचे गुडघे दुखत होते, तरी पाळकसाहेबांच्या अंगणात ते पहिले बसले. त्यांच्याशेजारी मी.

पाळकसाहेब बाहेर आले, आमच्यापाशी उभे राहून रडले आणि म्हणाले, “मी कसा उचलू? हा हक्क माकेरिताचा.” बाई शहरात इस्पितळात होत्या. निरोप गेला. आम्ही बसून राहिलो. ऊन चढलं. चटईखाली मामा हळूच म्हणाले, “फेरेती, गुडघे गेले रे माझे. एक सांग, गाडीचं तुला आधी काही माहीत नव्हतं ना?”

मी म्हणालो, “नाही, मामा.”

हे, मंडळी, खोटं होतं.

त्या प्रवासाआधीच्या गुरुवारी तालमीनंतर बाई माझ्या गाडीत बसून घरी आल्या. उतरताना म्हणाल्या, “अरे, तुझा पाय पार तळापर्यंत जातो तेव्हा कुठे गाडी थांबते. दाखवून घे.” शनिवारी पुन्हा: “दाखवलंस का? नाही? मग सोमवारी दुसरी गाडी सांग.” दुसरी गाडी म्हणजे शेजारच्या गावची. आमच्या मुली शेजारच्यांच्या गाडीतून? लोक मला काय म्हणतील? सुटा भाग शहरातून यायला चार दिवस लागणार होते आणि माझी ऐट चार तास थांबायला तयार नव्हती. सोमवारी सकाळी बाई दारात उभ्या राहून तिसऱ्यांदा म्हणाल्या, “फेरेती, डोंगर उतरायचाय. हट्ट करू नकोस बाळा.” आणि मी सगळ्या मुलींदेखत म्हणालो, “बाई, तुम्ही सूर सांभाळा, चाकं मी सांभाळतो.” मुली खिदळल्या.

पाळकसाहेब परगावी होते, मानकरी स्पर्धेला पुढे गेले होते, मुलींनी गाणं सुरू केलं होतं. त्या मुलींना एकटं सोडायचं नाही म्हणून बाई चढल्या. पहिल्या बाकावर बसल्या आणि सहा वर्षांच्या सिनालेइला मांडीवर घेतलं. दरड समोर आली तेव्हा त्यांनी तिला उचलून मागे फेकलं. पाय काढून घ्यायला त्यांना वेळ उरला नाही.

पंचांसमोर मी म्हणालो, “पेडल एकाएकी गेलं, आधी काही कळलं नाही.” पोलिसांना तेच. मामांना तेच.

दुपारी बाईंना मालवाहू ट्रकच्या हौद्यात गादीवर झोपवून आणलं. दोघांनी धरून उभं केलं. त्यांनी स्वतः चटई उचलली आणि मामांना म्हणाल्या, “उठा, आत चला, नारळाच्या दुधातलं अळू निवतंय.” मग माझ्या गालाला गाल लावून कानात म्हणाल्या, “मी कुणाला सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस.”

पाळकसाहेब, तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय, त्यांनी तुम्हालाही सांगितलं नव्हतं.

आणि मी अठरा वर्षं सांगितलं नाही. डीकन झालो. पश्चात्तापावर चार उपदेश केले, एकात तर रडलोही. मामा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसलो होतो, तेव्हाही बोललो नाही. तारण फुकट मिळतं, असं पाळकसाहेब सांगतात आणि ते खरं आहे. प्रभूनं वधस्तंभावर माझी किंमत भरली, यावर माझा विश्वास आहे. पण माझ्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या त्या दयेला मी कडी काढून आत घेत नव्हतो. गावकऱ्यांनो, तुम्ही क्षमा केली होती ती एका निरपराध माणसाला. तो मी नव्हतोच.

परवा सामानाची खोकी बांधायला गेलो होतो. बाई दोरीला गाठ मारता मारता म्हणाल्या, “मी गेले की ही गोष्ट ठाऊक असलेलं या गावात कुणी उरणार नाही. मग तुला फार सोपं जाईल रे फेरेती. त्याचीच मला भीती वाटते.”

हा चौथा इशारा. आधीच्या तिन्हींचं काय झालं ते त्यांच्या चालण्यात रोज दिसतं. हा मी ऐकतो आहे. मंडळी, ब्रेक निकामी होत आलेत हे मला आधीपासून माहीत होतं.

सोमवारी पोलिस चौकीत जाऊन हेच सांगणार आहे. डीकनपद आत्ताच अध्यक्षांच्या हवाली करतो. सिनालेइ, तू तिथे लेकराला घेऊन बसली आहेस. तुझ्या वडिलांनी माझ्या मुलाच्या लग्नात स्वतःच्या हाताने वाढप केलं. भाऊ, मी तेव्हा तुमच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो, ते यासाठी.

पाळकसाहेब, बाई, तुमच्यावर या गावानं फार माया केली आणि माझ्याइतकी कुणी केली नसेल. तुमच्या म्हातारपणाला प्रभू निवांतपणा देवो. अध्यक्षमहाराजांनी वेळ दिला, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर ते पोटात घाला. जे केलं ते मात्र पोटात घालू नका, त्याचं काय करायचं ते नीट विचार करून ठरवा. तोवर मी इथे पायरीशी, खाली बसतो.

नको बाई, तुम्ही उठू नका. तुमच्याकडून मला केव्हाच मिळालंय. आज मी गावाकडे मागतोय.