डावीकडचे बाक

(जिल्हा कोर्टाचा व्हरांडा, दुपारची सुट्टी. भिंतीलगतच्या बाकावर, जुन्या रीतीच्या ख्रिस्ती मंडळीनं वाळीत टाकलेली सालोमा एकटी डबा उघडून बसलेली. तिची थोरली बहीण फॅनी समोर उभी.)

फॅनी : हातात नको देऊस गं. बाकावर ठेव, मी उचलते.

सालोमा : इथं कोण बघतंय?

फॅनी : बिशपांची बायको नळापाशी उभी आहे. मघापासून नुसतं पाणीच पितेय.

सालोमा : ठेवलं. घे. पावाला सफरचंदाचा मुरंबा लावलाय.

फॅनी : एवढं कशाला केलंस? तू आणि तुझी लेया, दोघीच तर आलात.

सालोमा : हाताची सवय जात नाही. वर्ष होत आलं वेगळ्या टेबलावर जेवतेय, तरी पाव सहा माणसांचा भाजते.

फॅनी : अमोस टेबलं जवळ ओढत नाही का गं? नवरा आहे तुझा.

सालोमा : वीतभर फट ठेवतो. वरून एकच चादर अंथरतो, पोरांना दिसू नये म्हणून. परवा धाकट्यानं दुधाचा पेला बरोब्बर त्या फटीवर ठेवला. सगळं दूध खाली.

फॅनी : हसतेस काय!

सालोमा : मग काय करू? अमोस पण हसला. मग त्याला आठवलं, माझ्याबरोबर हसायचं नाही.

फॅनी : सालोमा, मी उगाच नाही आले. मला पाठवलंय.

सालोमा : माहीत आहे. आपणहून तू वर्षभर आली नाहीस.

फॅनी : टोमणे नंतर मार. ऐक. बिशप एली म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही. त्या सरकारी वकीलबाईला जाऊन सांग, लेया बोलणार नाही. तेवढंच. पोर बोललीच नाही तर खटला उभा राहत नाही म्हणे. रविवारी सगळ्यांसमोर गुडघे टेक, चूक झाली म्हण. झालं! संध्याकाळी अमोसच्या शेजारी बसून जेवशील.

सालोमा : रविवारीच?

फॅनी : रविवारीच. तुझ्या दिराला, योनासला, सहा आठवडे बाहेर बसवलं होतं, तुला आता एक दिवस पण नाही. बघ, किती मोठं मन आहे त्यांचं.

सालोमा : मला तो वास सुद्धा आठवतो गं. रविवारी प्रार्थनेनंतर तुम्ही सगळ्या कॉफी ओतता ना, तो. मी अंगणात घोड्यापाशी उभी असते तेव्हा खिडकीतून येतो.

फॅनी : मग? हट्ट कसला धरून बसलीस? सकाळी योनासच्या वकिलानं तुझी कशी सालटी काढली! मला तर मान वर करवेना.

सालोमा : खोटं नाही बोलला तो. "बाई, तुमच्या दिरानं मंडळीसमोर कबुली दिली तेव्हा तुम्ही क्षमेला हो म्हणालात ना?" म्हणाले होते मी. तू पण म्हणालीस.

फॅनी : सगळ्यांनीच म्हटलं. नाही कोण म्हणतं?

सालोमा : तेच त्या न्यायाधीशबाईला कसं समजावू? आपल्यात एकानं नाही म्हटलं की सगळं अडतं, आणि मग अडवणाराच पापी. त्या म्हणाल्या, फक्त हो की नाही ते सांगा. मी म्हटलं, हो. त्यांनी लिहून घेतलं.

फॅनी : आणि क्षमा केल्यावर तो विषय काढायचा नसतो. लहानपणापासून माहीत आहे तुला.

सालोमा : मी नव्हतेच काढणार. देवाशपथ, फॅनी. लेयाचं कळल्यावर मीच आधी बिशपांना सांगितलं होतं, ते बघतील म्हणून. त्यांनी बघितलं. क्षमा केली त्या दिवशी पोरांना कोठारात बसवलं होतं ना? लेया फटीतून बघत होती. सगळे योनासशी हात मिळवतायत. तिचा बाप पण. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "म्हणजे आता मी बरी झाले का?"

फॅनी : पुरे.

सालोमा : दुसऱ्या दिवशी दुधाचा ट्रक आला, त्या ड्रायव्हरला म्हटलं, मला पोलिसांकडं सोड. त्यानं वाटेत एक शब्द विचारला नाही. रेडिओ तेवढा बंद केला.

फॅनी : आणि आज बघ. चार व्हॅन भरून माणसं आलीत योनाससाठी. उजवीकडं बसायला जागा नाही. तुझ्या बाजूला कोण? ती वकीलबाई, आणि तो वर्तमानपत्रवाला पोरगा. तो पण पेंगतोय.

सालोमा : मोजलंय मी. डावीकडचे पाच बाक रिकामे. फॅनी, एक मागते. बोलू नकोस, साक्ष नको देऊस. लेया बोलत असेल तेवढा वेळ माझ्या बाकावर येऊन बस.

फॅनी : वेडी आहेस का?

सालोमा : टोकाला बस. वीतभर फट ठेव हवी तर.

फॅनी : माझ्या एस्थरचं लग्न आहे गं नोव्हेंबरात! लग्नाच्या जेवणाची सेलरीची भाजी परसभर लावलीय, ती बघून अख्ख्या गावाला कळलंय. मी तिकडं बसले तर बिशप लग्न लावतील? मला पण बाहेर काढतील. पोरीच्या लग्नात मी कोपऱ्यात जेवू?

सालोमा : नको जेवूस.

फॅनी : रागावलीस.

सालोमा : नाही गं. मी पण नसते बसले. गेल्या वर्षी मला कुणी विचारलं असतं तर मी पण लग्नच मोजलं असतं. तुझी मिरियम अजून जाते का शनिवारी, योनासच्या दुकानात झाडायला?

फॅनी : त्यानं कबुली दिलीय. रडला होता तो. तू पण बघितलंस.

सालोमा : जाते का?

फॅनी : नेहमी तिच्याबरोबर कुणीतरी असतं.

सालोमा : कोण?

फॅनी : लेया आली बघ. अगं बाई, केवढी उंच झालीस!

लेया : फॅनीमावशी! आई, त्या थांबायच्या खोलीत एक मोठा कुत्रा आहे, साक्ष देणाऱ्या पोरांसाठीच ठेवलेला. त्याला कोर्टात पण माझ्या पायाशी बसू देणारेत. वकीलबाई म्हणाल्या, पाच मिनिटांत बोलावतील.

सालोमा : ये, पाव खा.

लेया : नको. बोलून झाल्यावर खाईन.

सालोमा : लेया, नको वाटत असेल तर अजून नाही म्हणता येतं. मी रागावणार नाही. कुणी सुद्धा रागावणार नाही.

फॅनी : उलट सगळे खूश होतील, बाळा.

लेया : मावशी, तू कुठं बसलीयेस?

फॅनी : मी... तिकडं. उजवीकडं.

लेया : पुढं का मागं?

फॅनी : दुसऱ्या रांगेत. बिशपांच्या बायकोशेजारी. लेया, मला तिकडंच बसावं लागतं गं. मोठी झालीस की कळेल तुला.

सालोमा : तू माझ्याकडं बघ हं, लेया. डावीकडं. मी एकटीच आहे, लगेच दिसेन.

लेया : तुला माहीत आहे सगळं, आई. पोलीसबाईला मी सांगितलं, डॉक्टरीणबाईला सांगितलं, वकीलबाईला दोनदा. मावशीला कुणी सांगितलंच नाहीये.

फॅनी : मला नको सांगूस, बाळा. मला कळलंय. योनासकाका सभेत म्हणाले ना, मोहात पडलो म्हणून.

लेया : त्यांनी एवढंच सांगितलं? अजून काही नाही?

फॅनी : नाही.

लेया : मग तू दुसऱ्या रांगेतच बस, मावशी. मी तुझ्याकडं बघून सांगते.