मुरेदाखाच्या गालावरचा फोड

(एरिन बेटावरच्या एका टेकडीवरची गढी. सभेच्या दिवशीची सकाळ. गढीचा नायक मुरेदाख, त्याची बायको लासर आणि काल मुक्कामाला आलेला कवी फेरखार.)

फेरखार : या, या नायक, जवळ सरका. असं दारात उभं राहून गोष्ट कानात शिरत नाही. एका नायकाची फार रसाळ गोष्ट सांगणार आहे आज सभेत.

मुरेदाख : बुवा, थट्टा पुरे. हा गाल बघा. माझ्या निंदेचं कवन रचलंत ना?

फेरखार : अरे वा! काय टपोरा आलाय!

लासर : मघापासून माझा शेला तोंडावर ओढून बसलेत. मला वाटलं, गढीत नवी नवरी आली.

मुरेदाख : हसू सुचतंय तुला! कवीनं निंदा गायली की तोंडावर फोड उठतो, आणि डागी तोंडाचा माणूस नायकाच्या आसनावर बसत नाही. दुपारी सभा आहे. आसनावर डोळा ठेवून चुलतभाऊ कालपासून मिशांना पीळ देतोय.

फेरखार : पण मी निंदा का करीन? काय तो कालचा पाहुणचार! कवीच्या ताटात डुकराची तंगडी, ही वाडवडिलांची रीत. तुम्ही मला खूर वाढलात. तोही कुणीतरी आधीच चोखलेला. कवीचे दात झिजू नयेत म्हणून केवढी ती माया!

मुरेदाख : तंगड्या संपल्या होत्या.

लासर : चार डुकरं कापली होती, अहो. तीन पायांची निघाली का?

मुरेदाख : तू गप्प बस. बुवा, चुकलो. कवन मागे घ्या.

फेरखार : रचलंच नाही, तर मागे काय घेऊ? तुम्ही निजवलंत त्या गळक्या गोठ्यात हुडहुडी आवरू, की यमक जुळवू?

मुरेदाख : मग हा फोड?

लासर : उजाडता उजाडता उरलेली तंगडी काढून लपवायला हंड्यात कोण वाकलं होतं? चरबी उडाली, आणि यांनी अशी बोंब ठोकली की कोंबडा लाजला.

मुरेदाख : चरबी तर नेहमीच उडते. फोड आजच का उठला? आणि सभेत हे कोण मानील? कवीला खूर मिळाला, हे अख्ख्या टेकडीला ठाऊक आहे. बुवा, तुम्हीच वाचवा. माझी स्तुती गा.

फेरखार : गातो की! पण खोटी स्तुती गायली तर फोड माझ्या तोंडावर उठेल. एक तरी खरी गोष्ट द्या. हात सैल सोडून कुणाला काही दिलंत?

मुरेदाख : परवा कुत्र्याला हाड—

लासर : दिलंत. आणि रश्श्यासाठी परत काढून घेतलंत. बिचारं अजून शेपटी हलवतंय.

फेरखार : राहू द्या. मलाच एक ठाऊक आहे. काल मी उपाशी निजलो नाही. गोठ्यात एक म्हातारी आली. घोंगडीखालून जवाची भाकरी काढली, मग घोंगडीही माझ्यावर टाकली. म्हणाली, ‘बुवा, माझ्या पोराला नावं ठेवू नका. दुष्काळात मी त्याला अर्धपोटी वाढवलं, म्हणून त्याचा हात आखडतो. दोष माझा.’

मुरेदाख : कुठली म्हातारी?

लासर : ब्रोनाख. नायकांची पोरं दुसऱ्याच्या घरी वाढतात, तसे तुम्ही तिच्या चुलीपाशी वाढलात. आता ती तुमचं जातं ओढते. रोजची भाकरी काय देव येऊन भाजून जातात?

फेरखार : सभेत मी गाईन, ‘मुरेदाखाच्या गढीत पाहुणा उपाशी निजत नाही.’ शब्द न् शब्द खरा. फोड चरबीचा, हेही सांगेन. कवीच्या तोंडून ऐकलं की लोक मानतात.

मुरेदाख : तंगडी तुमची, बुवा!

फेरखार : मला नको. तिला वाढा, सभेत, स्वतःशेजारी बसवून.

मुरेदाख : बरं. आणि कवनात माझं नाव किती वेळा येईल?

लासर : देवा, उचल रे यांना!

फेरखार : एकदा. बाकी सगळं तिचं. आणि नायक, उद्या मी दुसऱ्या गढीत असेन, तिथून पुढं आणखी कुठं. मागं इथं कवन नसलं, तरी भाकरीचा पहिला तुकडा मोडताना ब्रोनाखला आठवा. एवढं मागणं.

मुरेदाख : लासर... तंगडी गवताच्या गंजीखाली आहे. ती आणखी मऊ शिजव. ब्रोनाखला दात नाहीत. मला दात नव्हते, तेव्हा तिनं चावून भरवलंय.