बशीरभाईंचं खाली डोकं

आटपाट नगर कुठलं गं, आपली इथली, अमेरिकेतली पार्सिपनीच. तिथे आमच्या शेजारी लाहोरचे बशीरभाई आणि त्यांची लेक नसीम राहायची. बशीरभाई स्टेजवरचे विनोदी नट. समोरच्यानं काही बोलावं आणि त्यांनी त्याचीच फिरकी घ्यावी, त्यावर घर चाललेलं. पुढे नाटकं बंद पडली. टीव्हीवर नोकराच्या भूमिका केल्या. बायको गेली, तेव्हा लेकीनं इकडे आणलं. आणि इथे अर्धांगाचा झटका येऊन वाचाच गेली. डॉक्टर म्हणाले, आशा धरू नका. माणूस नुसता भिंतीकडे बघत बसायचा.

नसीम म्हणायची, "आंटी, अब्बा चुप हैं तो समझो गए."

एकदा ती त्यांना स्वेटर चढवत होती आणि त्यांची मान काही वाकेना. मी माझ्या हिंदीत म्हटलं, "भाईसाहेब, सर जरा खाली करो." त्यांच्यात खाली म्हणजे रिकामं, हे मला काय ठाऊक?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ थरथरले. मग अडखळत, बोबडं, पण ऐकू आलं, "बहनजी, पैदाइशी खाली है."

नसीम रडत माझा हात धरून म्हणाली, "आंटी, और बोलो. कुछ भी गलत बोलो."

आता रोज जाते. ते रोज बोलतात.