लाल झाकणाचा डबा

नाही गं, त्या लाल डब्यात ना, बेकिंग पावडर आहे ती. तू इकडे ये, या बाकावर बस — तिथे धूर येतो, तुझा पांढराशुभ्र युनिफॉर्म खराब होईल. बस निवांत. डेव्हनची टॅक्सी चार माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि आत्ता तीनच झालीयेत, तुला धरून तीन, मी मघापासून मोजतेय. आणि उपाशीपोटी कशाला जातेस फालमथला — दवाखान्यात तुम्हाला धड जेवायला कुठे मिळतं, मी बघितलंय ना, नर्सबाया उभ्या उभ्या बिस्किटं खातात आणि परत पळतात. एक बर्गर खाऊन जा. मांसाबिंसाचा नाही, आमच्याकडे मांस शिजत नाही, पाटी वाचलीसच असशील. सगळं कंदांचं. सोपं असतं, तुला सांगते, घरी कर.

हे कोनफळ — पिवळं, एझ्राच्या हातचं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, त्याने डोंगरावर लावलेलं हे शेवटचं. हे सालासकट उकडायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं, गरम असताना किसलंस तर नुसती खळ होते, पोस्टर चिकटवायला न्यावी अशी. रताळं कच्चंच किसायचं, गाजरही. कसावा किसून फडक्यात घालून पिळायचा, जीव खाऊन पिळायचा — ते पाणी विषारी, ते ओतून द्यायचं, पण भांड्याच्या बुडाशी पांढरं पीठ बसतं ना, ते नाही टाकायचं, त्यानेच सगळं धरून राहतं. अंडं नको, मैदा नको. मग कांद्याची पात, आलं, थाइम, पिमेंटोचे चार दाणे कुटून, आणि मिरची — बिया काढून हं, नाहीतर फालमथपर्यंत रडत जाशील. मळायचं, तळहातावर थापायचं, खोबरेल तेलात दोन्हीकडून भाजायचं, नारळाच्या दुधाच्या पावात घालायचं. झालं. झालं म्हणते आणि — बघितलंस? हात परत तिकडे गेला. डब्याकडे. सकाळपासून हेच चाललंय, मी परातीपाशी उभी राहते आणि हा हात आपला आपण जातो.

ट्रक दिसतोय का गं वळणावर? हिरवा, वर ढोल बांधलेला. नाही ना? बारापर्यंत येतो म्हणालेत. चाळीस माणसं. एझ्राचा जन्मदिवस आहे आज, आणि रास्ताची माणसं, म्हणजे एझ्राच्या पंथाची, मेलेल्याचं मरण काढत बसत नाहीत, जन्मच साजरा करतात. ढोल वाजवणार, गाणार, आणि मग एझ्राच्या आवडीचं खाणार. एझ्राच्या आवडीचं म्हणजे हेच. सिस्टर केतुरा — त्याची थोरली बहीण, माझी नणंद, डोक्याला पांढरं फडकं बांधून अशी चालते की रस्त्यातली बकरीसुद्धा बाजूला होते — ती काल मुद्दाम येऊन बजावून गेली, डेलरीन, अगदी त्याला करून घालायचीस तसेच हवेत. काही कमी नको, काही जास्त नको.

बर्गरात बेकिंग पावडर कोण घालतं गं? तू विचारलं नाहीस, पण तुझ्या तोंडावर दिसतंय. कोणी घालत नाही. मीठ आहे ते.

हळू बोलते हं. मीठ आहे. तुला काय त्याचं, तुम्ही सगळे खाता. पण इथे, या पाटीखाली — तू आमच्यातली नाहीस म्हणून सांगते — इथे मीठ म्हणजे, कसं सांगू, या लोकांच्या चुलीवर मीठ येतच नाही. जमिनीतनं येतं तेवढंच पोटात घालायचं. एझ्राची आजी सांगायची, पूर्वी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांपैकी ज्यांनी मीठ खाल्लं नाही ते हलके राहिले आणि उडून आफ्रिकेला परत गेले, ज्यांनी खाल्लं ते जड झाले आणि इथेच उसाच्या मळ्यात राहिले. एझ्रा हे सांगताना हात पसरायचा — एवढा थोरला माणूस, पोट सुटलेला, गुडघे दुखणारा — आणि म्हणायचा, डेल, अजून थोडा हलका झालो की निघालोच. मी हसायचे. हसायचे आणि त्याला वाढायचे.

मी कोळ्याच्या घरातली. आमच्या दारात मासे खारवायला टाकलेले असायचे, माझ्या केसांना मिठाचा वास यायचा असं एझ्राच म्हणायचा. लग्न झालं, मी त्याच्या रीतीने राहायला लागले, मनापासून लागले, खोटं नाही बोलत. पण पहिल्या वर्षी माझ्या हातचं काही उतरतच नव्हतं त्याला. बोलायचा काही नाही, चांगला माणूस, ताट नुसतं बाजूला सरकवायचा आणि म्हणायचा, पोट भरलं. आणि बहिणीकडे गेला की दोनदोन वाट्या ओरपायचा, तीही बिनमिठाचंच करते, पण तिला जमतं, तिच्या हाताला नारळाचं प्रमाण ठाऊक आहे, मला कधी नाही आलं ते. नवीन नवरीला काय वाटत असेल सांग. एक दिवस मी चिमूटभर घातलं. एवढंच, दोन बोटांत मावेल एवढं. त्याने ताट पुसून खाल्लं. माझ्याकडे बघून म्हणाला, आज कळलं तुला. आता मला सांग, दुसऱ्या दिवशी मी काय करायला हवं होतं? तू काय केलं असतंस? — एकोणीस वर्षं. हे दुकान त्या बर्गरवर उभं राहिलं. लांबून लांबून माणसं यायची, म्हणायची, एझ्राच्या घरासारखं बिनमिठाचं कुठे मिळत नाही, मीठ नसून कसं भरलेलं लागतं. आणि तो ऐटीत म्हणायचा, आमच्या डेलचा हात आहे.

हा घे, झाला तुझा. पाव उघडून दे इकडे. फुंकर मारून खा. — तुझ्यात नाही घातलं. मुद्दाम. कसा लागतो? खरं सांग. माझं मन राखायला नको सांगूस, मी काही तुझी सासू नाही. अळणी ना? हो, मला माहितीये. रंग बघ किती सुंदर, आणि तोंडात गेल्यावर मातीचा गोळा. आणि हेच मी चाळीस माणसांपुढे ठेवू?

ठेवता येत नाही, तोच तर घोळ झालाय. मार्चमध्ये तो पडला, इथेच, परातीच्या इकडे, एक बाजू गेली. तुमच्याच दवाखान्यात होता अकरा दिवस. तू नव्हतीस वॉर्डात, मी चेहरे विसरत नाही. तिथलं सूप त्याला भरवत होते मी, जीभ वळत नव्हती, तरी त्याने चमचा हाताने बाजूला केला — जसं ते ताट सरकवायचा ना, अगदी तसंच — आणि माझ्याकडे बघून म्हणाला, डेल, लाल डबा. स्पष्ट म्हणाला. खाटेभोवती सगळे उभे होते, केतुरा, ब्रदर ऑबेद, सगळे. त्यानंतर तो काही बोललाच नाही. पहाटे गेला.

म्हणजे माहीत होतं गं त्याला. कधीपासून? मला झोप नाही लागत. कधीपासून माहीत होतं आणि तो गप्प का बसला — माझं मन मोडू नये म्हणून, की त्याला आवडायला लागलं होतं म्हणून? माझ्यासाठी त्याने त्याचं उडणं सोडलं की काय? आणि हे लोक मला विचारायला लागले, लाल डब्यात काय आहे. मी काय सांगणार, त्याला अजून मातीसुद्धा दिली नव्हती. मी म्हटलं, औषधी पाला आहे, सुकवलेला, माझ्या आजीचा. झालं, तेव्हापासून त्यांच्या तोंडी तेच — एझ्राचं शेवटचं मागणं. केतुरा काल काय म्हणाली माहितीये? डबा चुलीपाशी तयार ठेव, तो पाला मी माझ्या हाताने घालणार, सगळ्यांच्या समोर. पासष्ट वर्षांत मिठाचा कण तिच्या जिभेला लागलेला नाही.

गाडी आली ती? — नाही, दुधाची व्हॅन.

ऐक, तुला हाक मारली ती युनिफॉर्म बघूनच मारली, खोटं कशाला बोलू. बर्गर विकायला नाही. मला एक विचारायचंय. रोज एक चिमूट — बरं, एक नाही, नंतर नंतर दोन, जिभेला सवय लागते, तीनही असतील — एवढ्याने होतं का? माणूस पडतो का एवढ्याने? वयानेही होतं ना? त्याचा बापही असाच गेला, तो तर जन्मभर बिनमिठाचं खायचा. मग? असंही असू शकतं ना?

तू पावाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.

बरं, मग सगळंच सांगते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने त्याचं प्रेशर मोजलं होतं. वर गेलेलं. विचारलं, जेवणात मीठ किती असतं. मी तोंड उघडायच्या आत केतुरा म्हणाली, आमच्या घरात मीठ नसतं, डॉक्टर. सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं, अभिमानाने. डॉक्टर म्हणाला, मग वंशातलंच असणार, आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या त्याने घेतल्या नाहीत, ती रीत नाही. आणि मी तिथे डॉक्टरसमोर नुसती मान हलवली. मी घरी आले आणि डबा वर माळ्यावर ठेवला. नऊ दिवस. नऊ दिवस बिनमिठाचं केलं, आणि नऊ दिवस तो ताट सरकवत होता, आणि दहाव्या दिवशी माझा हात हातात घेऊन म्हणाला, डेल, तू माझ्यावर रागावलीयेस का? काय चुकलं माझं?

मी डबा खाली काढला. सगळं माहीत असून काढला. मला ते ताट परत सरकलेलं बघवत नव्हतं.

काही बोलू नकोस. तू बोलणार होतीस, राहू दे. आता वाटतंय, उत्तर नकोच मला.

ढोल ऐकलास? आले. बघ, केतुरा उतरली सगळ्यांच्या आधी. — या, सिस्टर. हो, मळून तयार आहे, तव्यावर एवढा एकच टाकला होता, ही मुलगी टॅक्सीसाठी थांबलीये. हो, हाच तो. लाल झाकणाचा. नाही, मी घातलं नाही, तुमचीच वाट बघत होते. — थांबा. परातीत नका टाकू. सिस्टर, थांबा म्हणते ना. आधी झाकण काढा. बोट लावा. हं, आता ते जिभेवर ठेवा. ठेवा तुम्ही, मग मी बोलते.

पोरी, ऊठ तू. चौथा माणूस आला, डेव्हन हॉर्न देतोय. राहिलेला कागदात बांधून घे. जा, जा म्हणते ना.