पहिलं नाव

मुलुंडच्या बँकेतली शेअरच्या अर्जांची रांग जागची हलत नव्हती, त्यामुळे पुढच्या नवराबायकोचं भांडण नलिनीला ऐकावंच लागत होतं.

“दगडातून लिथियम काढायची नवी रीत म्हणे या कंपनीकडे! शुभा, कोणी पाहिलीय ती?”

“सिमेंटचे शेअर घेतलेत, तेव्हा तुम्ही भट्टीत डोकावून आला होतात?”

“पण लिथियमच कशाला?”

“रोज सकाळी मी कसली गोळी घेते हो?”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत! तुम्ही सगळ्यांना शक्तीची गोळी म्हणून सांगत फिरलात. लिथियम आहे ते. त्याच्यावरच मी उभी राहिले, नोकरीला लागले.”

“बरं बाई. आण इकडे, मी भरतो अर्ज.”

“पहिलं नाव माझं घाला, दुसरं तुमचं. वेडी म्हणून माहेरी सोडायला निघाला होतात ना? आता त्या वेडीच्या नावाखाली सही करा.”