वाणात आलेल्या नारिंगी भांड्याबाबत

सौ. सुमेधा वासुदेव पेठे, वय ४७ वर्षे, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, राहणार हॅम्बर्ग.

पोलीस ठाण्यात साहेबांनी समक्ष विचारल्यावरून, दुभाषी नंदिनीबाईंमार्फत सांगते की, माझे यजमान व तक्रारदार श्रीधर टिपणीस एकाच कंपनीत इंजिनियर आहेत. टिपणीसांना पन्नास-साठच्या दशकातली जर्मन मातीची भांडी जमवण्याचा नाद आहे. त्यांच्या घरी पाहुण्याला बसायच्या आधी भांड्याचे बूड बघावे लागते. बुडाला 'वेस्ट जर्मनी' आणि नंबर दिसला की ते हरखतात. वरची बाजू बघून कोणी हरखेल असे नाही. सदर भांडे गुडघ्याएवढे, नारिंगी, अंगावर काळे फोड. दूध उतू जाऊन करपलेली शेगडी अशी दिसते. ती आम्ही घासतो.

२० जानेवारी २००८ रोजी त्यांची पत्नी अरुंधती हिने संक्रांतीचे हळदीकुंकू केले. टिपणीस टूरवर होते. मी शेवटी पोचले, तोवर वाणाच्या डब्या संपल्या होत्या. सवाष्णीला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही म्हणून तिने कोपऱ्यातले हे भांडे उचलले, हळदीकुंकू लावले व म्हणाली, "न्या सुमेधाताई. एक तरी कमी होऊ दे."

वाणाला नाही म्हणत नाहीत. मी ते दारात ठेवले. छत्र्यांची सोय झाली.

काल टिपणीस आमच्याकडे आले. छत्र्या पाहून त्यांना खाली बसावे लागले. पाणी प्यायल्यावर मला म्हणाले, भांडे तुम्ही चोरले. माझे यजमान म्हणाले, देऊन टाक, ते वरिष्ठ आहेत. वाण म्हणून घेतलेले मी चोरी म्हणून परत करणार नाही, असे मी सांगितले.

आज अरुंधतीलाही इथे आणले. भांडे दिले का विचारता तिने खाली बघून, आठवत नाही, असे सांगितले.

भांडे तुमचेच कशावरून, असे साहेबांनी टिपणीसांना विचारले. त्यांनी नंबर दाखवला. मग काठाजवळचा पिवळा-लाल डाग दाखवून म्हणाले, भट्टीत असा रंग क्वचितच उतरतो, हाच पाहून विकत घेतले होते. हे बराच वेळ चालले.

अरुंधतीने रुमाल ओला केला, डागावरून फिरवला आणि पिवळा झालेला रुमाल टेबलावर ठेवला. म्हणाली, "अहो, ही हळद आहे. मीच लावली. मीच दिलं."

भांड्याचे काय करायचे ते अरुंधतीने सांगावे, तसे करीन. छत्र्या माझ्या आहेत.

हा जबाब नंदिनीबाईंनी मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. अरुंधतीनेही शेवटपर्यंत ऐकला. म्हणून सही केली.