आखाजीची रजा

नाही हो भाऊ, उघडता यायचं नाही. गाडी दिसत नाही हे मलाही दिसतंय, डोळे रेल्वेनं दर साली तपासून घेतलेत माझे — पण फाटक लागलं म्हणजे लागलं. मिलिट्री स्पेशल आहे. तिला ना वेळ ना काळ. पूर्वी बरं होतं, सकाळची पॅसेंजर गेली की बाया चूल पेटवायच्या, दुपारची मालगाडी दिसली की गुराखी गुरं पाण्यावर न्यायचा — आता ही लढाई सुरू झाल्यापासून कशाचा कशाला मेळ नाही. कधी तोफा जातात, कधी गवताचे भारे, कधी नुसते रिकामे डबे — आणि ते रिकामे डबेसुद्धा घाईत! तुम्ही असं करा, बैल सोडा. सोडा म्हणतो ना. लिंबाखाली सावली आहे, रांजणात पाणी आहे. एप्रिलचं ऊन, जनावरांना तरी जीव आहे की नाही? गाडीला पडदा लावलाय — बाईमाणूस आहे का आत? बहीण? असं असं. म्हणजे परवाच्या अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, बहिणीला माहेरी घेऊन चाललात. मुऱ्हाळी आहात तुम्ही. आणि येताय कुठून? — प्रकाशाहून? तापी उतरून? बसा. बसा, असे उन्हात उभे राहू नका.

बिडी? नको, ठेवा तुमच्याजवळच. आता कुणाची बिडी ओढायचीसुद्धा लाज वाटते, काय भाव झालेत! पैशाची आगपेटी तीन पैशांना, आणि त्यातल्या निम्म्या काड्या बिनगुलाच्या. घासलेट रेशनवर. मला रेल्वे देते घासलेट — ह्या लाल दिव्यापुरतं, घरातल्या दिव्यापुरतं नाही. म्हणजे इंजिनवाल्याला अंधारात दिसलं पाहिजे, सुंदरबाईला नाही दिसलं तरी चालेल. सुंदरबाई म्हणजे माझी बायको, आता विहिरीवर गेलीय. एके दिवशी तिनं हा लाल दिवा उचलून चुलीशी नेला आणि लाल उजेडात भाकरी थापल्या. हसता काय, खरं सांगतो. कच्ची कुठली आणि करपलेली कुठली, काही कळेना. खाल्ल्या तशाच.

आणि तो बाजारातला मोतीलालशेठ! गूळ घ्यायला गेलो, तर मागच्या बाजाराला होता त्याच्यावर दोन आणे जास्त. म्हटलं, शेठ, आठ दिवसांत दोन आणे? तर तो म्हणतो, "उखाभाऊ, लढाई चालू आहे." अहो, लढाई तिकडे ब्रह्मदेशात, ऊस आपल्या तापीकाठचा, गुऱ्हाळ आपल्या शिवारात — जपानी येऊन गूळ चाटून जातो की काय? सुटे पैसे मागितले तर हातावर पोस्टाचं तिकीट ठेवतो! मी कुणाला लिहू पत्र? आता तो नवीन पैसा निघालाय, मधे भोक असलेला — पाहिलात ना? सरकारनं पैशाच्या पोटातलं तांबंसुद्धा काढून घेतलं. आणि लुगड्याचं तर विचारूच नका. साडेतीन रुपयांचं लुगडं अकरा रुपये. अकरा! माझ्या पगारात तीन लुगडी येत नाहीत महिन्याला. मी फाटक राखतो की मोतीलालची दुकानदारी राखतो, तेच कळत नाही.

पण घेतलं. हो, घेतलं मी लुगडं, हिरवं, जांभळ्या काठाचं. दिवाळीपासून तंबाखू सोडली तेव्हा कुठं झालं. खाटेखाली पेटी आहे, तिच्यात विहीणबाईंना ते लुगडं, व्याह्यांना उपरणं, खोबऱ्याच्या दोन वाट्या आणि तो सोन्याच्या भावाचा गूळ. तयारी म्हणाल तर सगळी तयार आहे. धोतर धुऊन ठेवलंय. वहाणेला नाल मारून आणलीय. ऐनवेळी बदली माणूस येईल ह्या आशेवर सुंदरबाईनं काल वाटेसाठी दशम्यासुद्धा केल्या — दुधात भिजवलेल्या, चांगल्या चार दिवस टिकतात. आज सकाळी त्या आम्हीच खाल्ल्या. काय करता, टाकून द्यायच्या?

कारण जाणार कसा? तुम्हीच सांगा. घर हे — ते पाहा, दहा पावलांवर — आणि काम हे. लोक म्हणतात, उखाचं बरं आहे, घर आणि नोकरी एका जागी. बरं कसलं! घरात असलो तरी कान रुळावर. ताटावर बसलो की बैलगाडीवाला हाक मारणार. तुमच्यासारखाच — नाही, तुम्हाला नाही म्हणत. बावीस वर्षं झाली, सुंदरबाईशी एक गोष्ट धड शेवटपर्यंत बोललो नाही मी. मधेच गाडी येते. झेंडी दाखवून परत येतो तोवर ती दुसऱ्याच कामाला लागलेली. ती म्हणते, "तुम्ही जा ना, झेंडी मी दखाडसू, मी काय आंधळी शे?" आंधळी नाही हो, पण नोकरी माझ्या नावावर आहे. साहेब ट्रॉलीवर बसून कधी येईल, नेम नाही. फाटकावर लुगडं नेसलेला फाटकवाला दिसला की झालं — नोकरी गेली, रेल्वेच्या दुकानातलं स्वस्त धान्य गेलं, मग मोतीलालच्या दारात जाऊन उभं राहायचं.

रजा? रजा आहे ना! कोण म्हणतं नाही? मंजूर झालीय, सहीशिक्क्यानिशी, पाच दिवसांची. मे महिन्याची पाच तारीख ते नऊ. — हो, मला कळतं, परवा आखाजी आहे आणि परवा एप्रिलच आहे. त्या कारकुनाचं काम! माणसं नाहीत, नुसते कागद आहेत तिथं. मी बिचारा फाल्गुनातच गेलो त्याच्याकडे, म्हटलं लिहा अर्ज, आखाजीला पोरीला आणायला जायचंय. तो म्हणतो, तारीख सांग. आता मला काय — गेल्या साली आखाजी मेच्या सात तारखेला होती, हे पक्कं ध्यानात होतं. म्हटलं, सात तारीख धरून आगेमागे दोन-दोन दिवस. त्यानं लिहिलं. त्यानं लिहिलं म्हणजे... मी सांगितलं तेच लिहिलं त्यानं. तो लांबचा माणूस, त्याला आखाजी काय ठाऊक? मला ठाऊक. लहानपणापासून ठाऊक. पण बावीस वर्षं गाड्यांचं टाइमटेबल बघून बघून, वाटलं सणसुद्धा दर साली त्याच तारखेला फलाटावर लागतो. बाजारात जोशीबुवा सुंदरबाईला म्हणाले, यंदा आखाजी एप्रिलातच, तेव्हा ती धावत आली. मी धावत कारकुनाकडे. तो म्हणाला, आता बदली माणूस नाही. तो छगन — माझ्या जागी यायचा तो — त्याला ह्या आठवड्यात दुसऱ्या फाटकावर लावलंय. सण संपल्यावर मी पाच दिवस मोकळा. झोपा म्हणे घरी!

आता बघा, तुम्ही मुऱ्हाळी आहात म्हणून तुम्हाला समजेल. नुसती बैलगाडी पाठवून भागतं का? बापानं नाहीतर भावानं जायचं, अंगणात बसायचं, चार माणसांदेखत म्हणायचं, लेकीला पाठवा — तेव्हा तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडतो. आणि मुऱ्हाळी रिकाम्या हातानं जात नाही. मला मुलगा नाही. एकच लेक. म्हणजे बापही मी, भाऊही मीच. गजरा तिचं नाव. तिकडेच दिलीय — तिकडे म्हणजे तुम्ही आलात तिकडेच. प्रकाशालाच. हिलाल पाटलांच्या घरी.

हो, मघाशीच सांगायला हवं होतं. बैल पाणी प्याले का? पिऊ द्या.

खरं सांगू? रागवायचं नाही पण. स्पेशल आहे, खोटं नाही — पण तिला अजून अवकाश आहे. अर्धा घंटा तरी. फाटक एवढ्या लवकर लावायचं कारण नव्हतं. सकाळपासून तिकडून पडद्याची गाडी दिसली की मी लावतोय फाटक. तुमची तिसरी. पहिली शहाद्याची निघाली, दुसरी तिथल्याच जवळच्या खेड्यातली. थांबा, थांबा, जू उचलू नका! उघडतो ना. आत्ता उघडतो. फक्त तुमच्या बहिणीला एवढं विचारा, हिलाल पाटलांची सून — मोठी नाही, धाकटी — पाणवठ्यावर दिसते का? बरी आहे का? वाट बघतेय का? नको. तसं नका विचारू. वाट तर बघतच असेल.

गेल्या साली बघितली तिनं. दोन दिवस. गाठोडं बांधून ओट्यावर बसून होती म्हणे, तिच्या जावेनं सांगितलं मागाहून. बाकीच्या पोरींच्या गाड्या निघाल्या, गल्ली रिकामी झाली, ही आपली बसलेली. सासूनं गाठोडं सोडायला सांगितलं तेव्हा सोडलं. आता म्हणाल, गेल्या साली काय अडचण होती? गेल्या साली तर तारीख बरोबर होती! रजाही होती. छगन आला होता, झेंड्या घेऊन उभा राहिला होता इथं, जिथं तुम्ही बसलात तिथं. काही अडचण नव्हती. लुगडं नव्हतं, एवढंच. मोतीलालनं नऊ रुपये सांगितले, माझ्याजवळ सहा. भांडलो त्याच्याशी. चार माणसांदेखत तो म्हणाला, "झेपत नसेल तर खणावर भागवा, उखाभाऊ." तसाच माघारी आलो. विहीणबाईंच्या हातावर काय ठेवू? खण? त्या पाटलीणबाई! त्यावरून माझ्या लेकीला वर्षभर ऐकायला लागलं असतं. म्हटलं, नकोच. छगनला परत पाठवला आणि सुंदरबाईला सांगितलं — काय सांगणार — सांगितलं, मिलिट्री स्पेशल आली, रजा रद्द झाली. तिनं खरं मानलं. रेल्वेला दोन दिवस शिव्या दिल्या तिनं. व्याह्यांकडेही तोच निरोप धाडला, रजा मिळाली नाही. लढाईच्या दिवसांत कोण शंका घेणार? आजपर्यंत कुणाला बोललो नाही हे. तुम्हाला का सांगतोय कोण जाणे. तीन रुपयांसाठी, भाऊ. तीन रुपये कमी पडले म्हणून नाही, लाज वाटली म्हणून. खण घेऊन गेलो असतो तर काय झालं असतं? सासू दोन शब्द बोलली असती. पोर तर आली असती ना घरी, झोक्यावर बसली असती, आईच्या हातचे मांडे खाल्ले असते तिनं.

काय? काय म्हणाली तुमची बहीण? पडदा बाजूला कर पोरी, लाजू नकोस, बापाच्या वयाचा आहे मी. गजरा बरी आहे? बरी आहे म्हणते. तुमच्या शेजारच्याच गल्लीत? वा! काल भेटली? काय करत होती? बांगड्या भरायला नाही आली? सगळ्या पोरी गेल्या कासाराकडे, ही का नाही गेली? गाठोडं तरी बांधलंय का तिनं? — नाही? बांधलंच नाही?

मोठ्यानं बोल. सासूनं विचारलं तिला... बरं. सासू म्हणाली, मुऱ्हाळी कधी येणार, तयारी नाही का करायची. मग? काय म्हणाली गजरा? — "नही, यंदा कोणी येवाव नही. मन्हा बापले रजा भेटत नही."

हं.

असं म्हणाली?

कधी? महिना झाला? पण मी तर कुणाला कळवलंच नाही अजून. रजा चुकल्याचं मलाच पंधरा दिवसांपूर्वी कळलं. तिला कुणी... नाही. कुणी सांगितलं नाही. तिचं तिनंच.

रडत होती का? — नाही. हसून म्हणाली. शेण थापत होती आणि हसून म्हणाली.

बरं. बरं, पोरी. पडदा लावून घे, ऊन लागेल.

चला भाऊ, जोडा बैल. उघडतो फाटक. नाही, गाडी नाही आली, येऊ दे तिला यायची तेव्हा. निरोप? तुमची बहीण परत जाईल तेव्हा? कसला निरोप! काही नाही. हाका. अहो हाका म्हणतो ना, बघता काय माझ्याकडे, फाटक उघडं आहे!